कपड्यांचे पंचांग

ऑगस्ट महिन्यात लंडन शहरी ऊन असते. उद्यानांत मुले हिरवळीवर लोळत असतात आणि पातळ सुती झगे घातलेल्या स्त्रिया ऑक्सफर्ड स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावरून ये-जा करीत असतात. पण त्याच रस्त्यावरील दुकानांच्या काचांआड पाहावे, तर तेथे जाड लोकरीचे कोट, गळपट्टे आणि उंच बूट मांडलेले दिसू लागतात. उलट फेब्रुवारीत, बाहेर हाडे गोठविणारी थंडी असताना, त्याच काचांआड फुलाफुलांचे उन्हाळी झगे झळकतात. एखाद्या परक्या माणसाला वाटावे, की या दुकानदारांचे पंचांग चुकले आहे. वस्तुतः ते चुकलेले नसते. कपड्यांचे पंचांग निसर्गाच्या पंचांगाच्या पुढे धावत असते, आणि ते पुढे का धावते, ही मोठी मनोरंजक हकिकत आहे.

युरोपात उन्हाळा आणि हिवाळा यांत फार अंतर पडते. जुलैत घालायचा झगा जानेवारीत अगदी निरुपयोगी. म्हणून तेथील शिंप्यांचे आणि कापड व्यापाऱ्यांचे वर्ष फार पूर्वीपासून दोन हंगामांत विभागलेले आहे. एक वसंत आणि ग्रीष्म यांचा, दुसरा शरद आणि हिवाळा यांचा. येथपर्यंत सारे गरजेपोटी झाले. परंतु गरज एवढीच असती, तर गेल्या वर्षीचा धडधाकट कोट याही वर्षी निघाला असता. तो फाटलेला नसतो, विटलेलाही नसतो; तरीही तो 'जुना' ठरतो. कारण यंदा बाह्या रुंद झालेल्या असतात, कमरेची शिवण खाली सरकलेली असते, आणि करड्या रंगाच्या जागी विटकरी रंग आलेला असतो. हे कोणी ठरविले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की पाऊल आपोआप पॅरिसकडे वळते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमधील श्रीमंत स्त्री झगा शिवून घेई, तो आपल्या मर्जीप्रमाणे. ती कापडवाल्याकडून रेशीम विकत घेई, शिंपिणीला घरी बोलावी आणि कसे शिवायचे ते तिला सांगे. शिंपीण मान डोलावी. हा रिवाज उलटा केला, तो एका इंग्रजाने. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हे त्याचे नाव. १८२५ साली इंग्लंडात जन्मलेला हा तरुण विशीच्या सुमारास पॅरिसला गेला, एका कापडाच्या पेढीवर नोकरीस राहिला आणि १८५८ साली त्याने भागीदारीत स्वतःचे दुकान थाटले. वर्थ गिऱ्हाइकाची आज्ञा झेलत बसला नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो आपल्या कल्पनेचे झगे शिवून तयार ठेवी आणि स्त्रियांनी त्यांतून निवड करावी, असा त्याचा आग्रह असे. ते झगे लाकडी पुतळ्यांवर न चढविता तो जिवंत तरुणींना घालावयास देई. त्याची पत्नी मारी हीच या कामातील पहिली. झगा नेसून ती चार पावले चालली, म्हणजे कापड कसे झुलते, चुण्या कशा पडतात, हे पाहणाऱ्यास कळे. सम्राट तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिने वर्थचे झगे वापरण्यास आरंभ केल्यावर मग काय विचारता! चित्रकार जसा चित्रावर सही करतो, तशी वर्थ आपल्या कपड्यांच्या आत नावाची पट्टी शिवू लागला. आज बाजारातल्या साध्या सदऱ्यालाही मानेपाशी जी चिंधीवजा पट्टी असते, तिचे कूळ येथवर पोहोचते.

पुढे या जिवंत प्रदर्शनांसाठी दालनात एक लांब, अरुंद वाट तयार करण्याची पद्धत पडली. तिलाच 'कॅटवॉक' म्हणजे मांजरीची वाट असे नाव मिळाले. मांजर कुंपणाच्या भिंतीवरून जसे एकापुढे एक पाऊल टाकीत तोल सांभाळून चालते, तसेच या तरुणींना चालावे लागते.

या वाटेवरून निघालेला एखादा झगा सामान्य स्त्रीच्या अंगावर कसा पोहोचतो, हे पाहावयाचे असेल, तर १९४७ सालाकडे वळावे. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. युरोपभर टंचाई होती. इंग्लंडात १९४१ सालापासून कपड्यांवर नियंत्रण होते. पैसे असले तरी कुपने नसतील, तर कपडा मिळत नसे. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली, पुढे ती संख्या घटत गेली. आणि एका लोकरी झग्याला ११ कुपने पडत. झग्याला चुण्या किती असाव्यात, गुंड्या किती लावाव्यात, हेसुद्धा सरकार ठरवून देई. साहजिकच स्त्रियांचे कपडे आखूड, चापून बसणारे आणि काहीसे शिपायाच्या गणवेषासारखे झाले होते.

अशा दिवसांत, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, क्रिस्त्यान दिओर नावाच्या फ्रेंच वेषकाराने पॅरिसमधील आपल्या नव्या पेढीत पहिले प्रदर्शन भरविले. जमलेल्या मंडळींच्या पुढून ज्या तरुणी चालत गेल्या, त्यांच्या झग्यांचा घेर पाहून सर्वांचे डोळे विस्फारले. कंबर मुठीत मावेल अशी बारीक, खांदे गोलसर, आणि कमरेपासून पायांच्या पोटऱ्यांखालपर्यंत उमललेल्या फुलासारखा पसरलेला स्कर्ट! काही झग्यांना वीस वारांहूनही अधिक कापड लागले होते. एका अमेरिकन मासिकाच्या संपादिकेच्या तोंडून त्या वेळी निघालेले 'न्यू लुक', म्हणजे नवे रूप, हे दोन शब्द त्या तऱ्हेला कायमचे चिकटले.

झग्याचे कौतुक झाले तसा रोषही झाला. घरात मुलांच्या कपड्यांना ठिगळे लावणाऱ्या बायांना वीस वार कापडाचा हा थाट पाहून संताप आला, यात नवल नाही. अमेरिकेत काही स्त्रियांनी लांब स्कर्टांच्या निषेधार्थ मंडळे काढली, दिओर तेथे गेला तेव्हा फलक घेऊन निदर्शने केली. इंग्लंडचे व्यापारमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी वेषकारांना स्कर्ट आखूडच ठेवण्याची विनंती केली. १९४२ साली स्वराज्याची योजना घेऊन दिल्लीस आलेले क्रिप्स ते हेच. दिल्लीतल्याप्रमाणे येथेही त्यांना यश आले नाही! राजकन्या मार्गारेटनेच नव्या धर्तीचे कपडे घालण्यास सुरुवात केली, मग इतरांचे काय? दिओरच्या पेढीला भांडवल पुरविणारा मार्सेल बुसाक हा स्वतः कापडगिरण्यांचा मालक होता, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घेर वाढला, तर कापड अधिक खपणार, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

आता प्रश्न असा, की पॅरिसमध्ये राणीला शोभणारा हा झगा लंडनच्या कारकून मुलीपर्यंत गेला कसा? त्याची एक ठरलेली रीत होती. परदेशी व्यापाऱ्यांना अशा प्रदर्शनात फुकट बसता येत नसे. त्यांना आधी अनामत रक्कम भरावी लागे किंवा काही झगे विकत घेण्याचे वचन द्यावे लागे. पसंत पडलेल्या झग्याचा एक कच्चा नमुना त्यांना मिळे. तो रेशमाचा नसे, साध्या मांजरपाटाचा असे. पण प्रत्येक शिवण, प्रत्येक चुणी जागच्या जागी. हा नमुना लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कारखान्यात आणून उसवीत, त्याचे तुकडे कागदावर ठेवून बेत काढीत आणि मग कातर चालू लागे. पहिल्या कारखान्यात वीस वारांचे बारा वार होत. त्याहून स्वस्त माल शिवणाऱ्याकडे बाराचे सात होत, रेशमाच्या जागी कृत्रिम रेशीम येई, अस्तर गळून पडे आणि हाताने घातलेली काजे यंत्राने घातली जात. प्रत्येक पायरीवर झगा थोडा गरीब होई आणि घेणाऱ्यांची संख्या मात्र वाढे. शेवटी उरे ती केवळ त्याची ठेवण: बारीक कंबर आणि मोठा घेर.

अनामत न भरता नमुना लांबविण्याचे उद्योगही चालत. प्रदर्शनात कागद-पेन्सिल काढण्यास सक्त मनाई असे. तरीही काही चलाख चित्रकार झगे नुसते पाहून लक्षात ठेवीत आणि बाहेर पडताच भराभर कागदावर उतरवीत. छायाचित्रे छापण्याची तारीखही वेषकारांची संघटना ठरवून देई, आणि त्या आधी कोणी छापली, तर पुढील हंगामात त्याला दार बंद होई. चोरी व्हायची ती होतच असे. पण या बंधनांमुळे मूळ झग्याला काही महिन्यांची सवड मिळे.

ज्यांना यांतले काहीच परवडत नव्हते, त्या स्त्रियांनी स्वतःच वाट काढली. जुन्या स्कर्टाची दुमड उसवायची, खाली दुसऱ्या कापडाची रुंद पट्टी जोडायची आणि कमरेला पट्टा आवळायचा, की झाले नवे रूप! मार्च १९४९ मध्ये कुपने बंद झाली, तोवर इंग्लंडातील रस्तोरस्ती लांब, घेरदार स्कर्ट फिरू लागले होते. इंग्लंडातील गावोगावच्या मुख्य बाजाररस्त्याला 'हाय स्ट्रीट' म्हणतात. पॅरिसच्या दालनातून निघालेला झगा हाय स्ट्रीटवर पोहोचण्यास त्या काळी असा वर्ष-दीड वर्षाचा काळ लागला.

हा ओघ सदैव वरून खालीच वाहतो, असे मात्र समजू नये. १९५५ साली मेरी क्वांट या तरुणीने लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नावाचे दुकान काढले. ठोक भावाने कापड कोठे मिळते, याचा तिला आरंभी पत्ताच नव्हता! ती मोठ्या दुकानातून किरकोळ भावाने कापड आणी, आपल्या खोलीतच झगे शिवून घेई, आणि त्यांची विक्री झाली म्हणजे त्या पैशांतून पुढचे कापड येई. पॅरिसचे वर्षातून दोनदा येणारे फर्मान या दुकानाच्या गावीही नव्हते. १९६० नंतरच्या दशकात गुडघ्याच्या वर जाणारा आखूड स्कर्ट तिच्यामुळे जगभर गेला. तो प्रथम तिने काढला की पॅरिसच्या आंद्रे कुरेजने, यावर पुष्कळ वाद झाला. ती स्वतः मात्र त्याचे श्रेय किंग्ज रोडवरच्या मुलींना देत असे. आपल्याला धावता यावे, बस पकडता यावी, यासाठी त्या मुलीच स्कर्ट आणखी आखूड करून मागत. थोडक्यात, या खेपेला रस्त्याने दालनाला शिकविले.

आज न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार शहरांत एकापाठोपाठ एक अशी प्रदर्शने भरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे कपडे दाखवितात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. एक प्रदर्शन जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, पण त्याची तयारी फार आधीपासून चालू असते. वेषकाराने कातर हाती घेण्यापूर्वी कापड विणलेले हवे, त्यापूर्वी सूत रंगविलेले हवे. म्हणून इटलीतील फ्लॉरेन्स येथे सुताचा बाजार भरतो, पॅरिसजवळ कापडाचा भरतो, आणि त्याही अगोदर, हंगामाच्या सुमारे दोन वर्षे आधी, निरनिराळ्या देशांचे रंगतज्ज्ञ एकत्र बसून येणाऱ्या रंगांविषयी विचारविनिमय करतात. त्यामुळे दहा वेषकार एकमेकांशी न बोलताही एकाच वर्षी विटकरी रंगाकडे वळले, तर तो चमत्कार नसतो. त्यांनी एकाच बाजारातून कापड घेतलेले असते.

प्रदर्शनात दिसणारे कपडे पुष्कळदा विचित्र असतात. काहींत धड बसताही येणार नाही. ते पाहून हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. समोर बसलेले व्यापारी संपूर्ण कपडा पाहतच नसतात. त्यांची नजर एखाद्या बाहीवर, गळ्याच्या कापावर, कापडाच्या पोतावर असते. नाव आणि कापडावरचे छापील चित्र यांना कायद्याचे संरक्षण असते. परंतु रुंद बाही ही कोणाच्याच मालकीची नसते. ती उचलावी आणि साध्या सदऱ्याला जोडावी, यात हाय स्ट्रीटवरील दुकानांचे कौशल्य.

या कौशल्याला विलक्षण वेग दिला, तो स्पेनमधील एका पेढीने. तिचे नाव 'झारा'. मराठी घरांतल्या बुंदीच्या झाऱ्याशी तिचा काही संबंध नाही. तिचे पहिले दुकान १९७५ साली आ कोरुन्या या बंदराच्या गावी निघाले. माल थोडा शिवायचा, कोणता कपडा खपला आणि कोणता पडून राहिला हे रोज दुकानांकडून विचारून घ्यायचे, आणि जे खपले तेच पुन्हा शिवायला टाकायचे, ही तिची पद्धत. कल्पना कागदावर उतरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत कपडा दुकानात येऊ शकतो आणि नवा माल आठवड्यातून दोनदा येतो. यासाठी घाईचा माल तिने स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को अशा जवळच्या प्रदेशांत शिवून घेतला. दरम्यान छायाचित्रांवरचे बंधनही नाहीसे झाले. पॅरिसमधील तरुणी वाटेवरून परत फिरण्यापूर्वीच तिचे चित्र आज जगभर पोहोचलेले असते. वर्षाचे दोन हंगाम होते, तेथे पाहता पाहता कितीतरी हंगाम झाले.

वेग वाढला आणि किमती उतरल्या. एका झग्याच्या किमतीत कापड, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि मालकाचा नफा यांचा वाटा असतो, तसा शिवणाऱ्याच्या मजुरीचाही असतो. भाडे कमी होत नाही. मग कात्री लागते कोठे?

बांगलादेशची राजधानी ढाका हिच्याजवळ सावर नावाचे गाव आहे. तेथे राणा प्लाझा या आठमजली इमारतीत युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी कपडे शिवणारे पाच कारखाने होते. वरचे काही मजले परवानगीवाचून चढविलेले होते. कारागिरांत तरुण स्त्रियांचाच भरणा अधिक. त्या वेळी तेथील कायद्याने नव्या कामगाराला महिन्याला निदान ३,००० टाका वेतन द्यावे लागे, आणि ते जगातील सर्वांत कमी वेतनांपैकी एक होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीच्या खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे घरी पाठविली, दुकाने बंद झाली. शिवणाऱ्या स्त्रियांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. माल मुदतीत जहाजावर चढावयाचा होता. काहीजणी आत जाण्यास तयार नव्हत्या. पगार कापण्याची धमकी मिळाल्यावर त्या गेल्या. २४ एप्रिलला सकाळी वीज गेली, वरची जनित्रे सुरू झाली, आणि नऊच्या सुमारास सारी इमारत खाली बसली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे अडीच हजार जखमी झाली.

ढिगाऱ्यात निरनिराळ्या पेढ्यांच्या नावांच्या पट्ट्या सापडल्या. कोणता कारखाना कोणासाठी शिवीत होता, हे अनेकदा त्यांवरूनच उघड झाले, कारण काही पेढ्यांना आपला माल तेथे शिवला जातो याची कल्पनाच नसल्याचे त्यांनी सांगितले. कामगार संघटना आणि व्यापारी पेढ्या यांच्यात पुढच्याच महिन्यात एक बंधनकारक करार झाला. दोनशेहून अधिक पेढ्यांनी त्यावर सह्या केल्या, शेकडो कारखान्यांच्या इमारतींची तपासणी झाली आणि किमान वेतन ५,३०० टाका करण्यात आले. हे सर्व तडे दिसले त्या दिवशी सुचले असते तर, असे कोणाच्याही मनात आल्यावाचून राहत नाही.

महाग कपड्यांमागेही असे अदृश्य हात असतात, मात्र त्यांची दैवे थोडी निराळी. पॅरिसच्या अनेक झग्यांवरील जरीचे आणि मण्यांचे भरतकाम वर्षानुवर्षे मुंबईत होत आले आहे. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचे, आरी नावाच्या बारीक आकड्याने वरून टोचून खालचा धागा वर खेचायचा, आणि अशा हजारो टाक्यांनी एक फूल उमलवायचे, हे काम तेथील कारागीर करतात. झगा पॅरिसच्या नावाने ओळखला जाई, कारागिरांचा कोठे उल्लेख नसे. ३० मार्च २०२३ रोजी दिओरच्या पेढीने आपले प्रदर्शनच मुंबईत, गेटवे ऑफ इंडियासमोर भरविले. या पेढीसाठी भरतकाम करणाऱ्या 'चाणक्य' या मुंबईतील कार्यशाळेचे नाव त्या दिवशी उघडपणे घेतले गेले, आणि प्रदर्शनाच्या वाटेवर तिच्या कारागिरांनी भरलेले भव्य तोरण लावलेले होते.

हंगाम उलटला, की न खपलेले कपडे निम्म्या भावात विकतात. खपलेले कपडेही फार दिवस वापरले जात नाहीत. लोक ते धर्मादाय संस्थांना देतात, संस्था त्यांतले थोडे विकतात, आणि उरलेले गाठोडी बांधून परदेशी रवाना होतात. अशा जुन्या लोकरी कपड्यांची जहाजे अनेक वर्षे गुजरातमधील कांडला बंदरात येत राहिली. कपडे पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून तेथेच ते फाडावेत, असा नियम होता. तेथून ते हरियानातील पानिपतला जात. मराठी माणसाला पानिपत म्हटले की वेगळीच आठवण होते. कापडाच्या व्यापारात ते गाव चिंध्यांपासून पुन्हा सूत काढणाऱ्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या खोल्यांत स्त्रिया जमिनीवर बसून कोटांची बटणे तोडतात, साखळ्या काढतात, अस्तरे उसवतात. पुन्हा रंग देण्याचा खर्च वाचावा म्हणून तांबड्याचा ढीग वेगळा, निळ्याचा वेगळा, काळ्याचा वेगळा, अशी निवड चालते. मग यंत्र तो ढीग पिंजते, त्याचे जाडेभरडे सूत निघते, आणि त्याच्या घोंगड्या विणतात. भूकंप किंवा महापुराच्या वेळी जगभर ज्या स्वस्त घोंगड्या वाटल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ पानिपतच्या होत्या.